सही करणाऱ्याला वाचून दाखवत नाहीत

दोन हजार नऊ साल. शाळेच्या दाखल्यावर मी चौसष्ट वर्षांचा होतो. खरं वय सांगणारी माय केव्हाच गेली. शिक्षण चौथी. पण सही करता येत होती, अन् ती मी मोठी करायचो, कागदाच्या पार काठापर्यंत न्यायचो. माझा बाप अंगठा लावायचा. आमच्या वस्तीत लहानपणापासून कानावर एकच पडत आलं होतं, शिका. मला जेवढं शिकता आलं तेवढं त्या सहीत होतं. म्हणून कोणी शाईचा डबा माझ्याकडं सरकवला की मी तो बोटानं परत सरकवायचो. "पेन आणा," म्हणायचो.

गाव आमचं कोहमाऱ्याच्या चौकातून आत. गावाला एक बोडी आहे, म्हणजे मातीची पाळ बांधलेलं लहान तळं. खालचा सारा धान तिच्यावर पिकतो. अन् गावच्या पंचायतीत एक जुनी रीत आहे. अंगठा लावणाऱ्याला आधी त्याचा जबाब मोठ्यानं वाचून दाखवायचा. बसलेले सारे ऐकतात, तो मान हलवतो, मग अंगठा. सही करणाऱ्याला वाचून दाखवत नाहीत. ज्याला सही येते त्याला वाचता येते, असं धरून चालतात. मला वाचता येत होतं, पण अक्षराला अक्षर जोडत, ओठ हलवत. चार लोकांसमोर ओठ कोण हलवणार? मी सरळ खाली जाऊन सही ठोकायचो.

त्या जानेवारीत माझी सून बारावीच्या परीक्षेची तयारी करत होती. दहावी होऊन ती आमच्या घरी आली होती अन् चार वर्षांनी, सतरा नंबरचा फॉर्म भरून, घरूनच परीक्षेला बसत होती. सकाळी आंगणात ऊन पडलं की ती लाखोरीची भाजी खुडत बसायची अन् पुस्तक सुपाला टेकवून ठेवायची. मी बाजूला अंबाडीचा दोर वळत राहायचो. घरात तिसरं कोणी नसायचं. मुलगा पंचायतीत कागदपत्राच्या कामाला होता, तो आठलाच निघून जायचा.

एक दिवस ती म्हणाली, "मामाजी, तुम्ही एक वाक्य बोला न."

"काय बोलू?"

"काईबी बोला. पुस्तकातले सारे संपले."

"माझी कंबर दुखून राहिली."

ती तोंडातल्या तोंडात इंग्रजीत काही पुटपुटली अन् वहीत लिहून मोकळी झाली. मी विचारलं, काय केलं माझ्या कंबरेचं?

"मामाजी म्हणाले की त्यांची कंबर दुखत होती."

"होती? अवो, आता दुखून राहिली!"

"इंडायरेक्टमंधी मागं जाते मामाजी. 'आता'चं 'तेव्हा' होते, 'इथं'चं 'तिथं' होते, 'आज'चं 'त्या दिवशी' होते. 'मी'चा 'तो' होते."

"मंग माझी कंबर बरी झाली म्हणा की. तुमच्या इंग्रजीत लय औषध हाय."

ती हसली. पण मला ते पटलं नव्हतं. मी म्हटलं, "बोललो मी, तं मी मीच राहीन. 'तो' कायले होऊ?"

"सांगणारा दुसरा असते न मामाजी. तुमचं बोलणं दुसरा कोणी तिसऱ्याले सांगून राहिला."

"अन् त्या सांगणाऱ्यानं एखादा शब्द खाल्ला तं?"

"मार्क कटतात. रूप बदलते, पण अर्थ नाही बदलला पाहिजे. बोलणाऱ्याचं सारंच्या सारं आलं पाहिजे."

"बापा! इमानदार लोक हायेत."

मग रोजच तसं सुरू झालं. मी दोर वळता वळता एकेक वाक्य टाकायचो. कोंबडी आज अंड्यावर बसली. ह्या साली थंडी कमी आहे. सासरा काम करते अन् सून इंग्रजी फाडते. ती ते पलटी करायची. मला ते तिफणीसारखं वाटायचं, वरून दाणा टाकला की खाली तोच दाणा निघाला पाहिजे, फक्त दुसऱ्या जागी.

आता माझ्या दोस्ताचं सांगतो, कारण पुढचं सारं त्याच्यावर आहे.

आमची घरं एका गल्लीच्या दोन तोंडांना. तो हिंदू, आम्ही बौद्ध. पण तो मला पाहिला की आधी म्हणायचा, "काय सायेब, जयभीम!" अन् मी त्याला म्हणायचो, "रामराम, पाटील." तो पाटील नव्हता अन् मी साहेब नव्हतो. बोडीचं पाणी वाटायचं काम त्याच्या घराण्यात चालत आलं होतं. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या तुकड्यात, केव्हा पाणी सोडायचं, केव्हा बंद करायचं, ते तो सांगेल तसं. घड्याळ नसायचं त्याच्याकडं, पाळीवर रोवलेल्या काठीची सावली पाहायचा. पण कोणाची पाण्याची पाळी त्यानं चुकवली असं मी ऐकलं नाही.

तीस वर्षं आम्ही दोघं पहाटे संगंच बाहेर जायचो. हातात टमरेल, बोडीच्या पाळीवरून पलीकडच्या झुडपात. लिहायला कोणाला लाज वाटत असेल तर वाटो. आमचं सारं बोलणं त्या वाटेवरच झालं आहे. पोरींची लग्नं तिथंच ठरली, बैल विकायचा की ठेवायचा तेही तिथंच.

दोन हजार आठच्या पावसाळ्यानंतर गाव हागणदारीमुक्त झालं. कागदावर. घरोघरी संडास बांधून झाले होते. दोस्ताच्या संडासात तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, भरलेली होती, आमच्यात कोंबड्या. सूनबाईनं भांडून कोंबड्या बाहेर काढल्या अन् आपल्यासाठी तो सुरू केला. त्यात ती बरोबरच होती. आम्ही म्हातारे मात्र जुन्या वाटेनं जात राहिलो. पहाटे कधी बाहेर बसणाऱ्यांना धरायला पथक यायचं, टॉर्च मारून "गुड मॉर्निंग काका!" म्हणायचं, अन् आम्ही दोघं पळसाच्या मागं बसून हसू दाबायचो. गावाला बक्षीस मिळणार होतं, तपासणीची मंडळी कधीही येणार होती.

त्या साली अश्विनात धान निसवून राहिला होता अन् एका सकाळी दिवस निघाला तर बोडीची पाळ फुटलेली. पाणी गेलं खालच्या अंगाला, त्यात दोस्ताची बांधी पहिली. वरच्या अंगाच्या लोकांचा धान उभा वाळायला लागला. लोक चिडले. कोणी म्हणालं, पाळ फुटली नाही, फोडली. ज्याच्या हाती पाणी त्यानंच फोडली.

गावातले तंटे मिटवायची समिती बसली. दोस्ताला विचारलं, पहाटे पाळीवर होता का? तो म्हणाला, होतो. कायले? तो माझ्याकडं बोट करून म्हणाला, "त्याले विचारा. तो सांगेल."

मी उभा राहिलो. जे बोललो ते मला शब्दाला शब्द आठवते, कारण ते मी मोठ्या आवाजात बोललो होतो:

"मी त्याले पहाटे पाळीवर पाहिलो. त्याच्या हातात टमरेल होतं अन् माझ्याबी हातात टमरेल होतं. आम्ही संगंच गेलो, संगंच आलो. येतानी पाळ धड होती. त्याच्यानंतर तो दिवस निघेपर्यंत माझ्या आंगणात चहा पीत बसला होता."

दोन-चार लोक हसले. लिहायला माझाच मुलगा बसला होता. समितीचं म्हणणं पडलं, जबाब एकेकाचा वेगळा घ्या, म्हणून त्या वेळी दोस्ताला अन् बाकीच्या गावाला बाहेर काढलं होतं. आत आम्ही पाच-सहा जण. मुलानं लिहिलं, वही माझ्याकडं फिरवली, पेन दिला. मी खाली जाऊन सही ठोकली.

दुसऱ्याच दिवशी निरोप आला की बहिणीची तब्येत बिघडली. ती तिरोड्याकडं, बोदलकसाच्या तळ्याजवळच्या गावात असते. मी गेलो, तिथं दहा दिवस राहिलो. परत आलो तर दोस्ताकडून पाणी वाटायचं काम काढून घेतलेलं होतं. सभेत त्याला हात जोडून माफी मागायला लावली होती. मी मुलाला विचारलं, "मी सांगितल्यावर असं कसं झालं?" तो वर न पाहता म्हणाला, "समितीनं ठरवलं बाबा. बहुमत होतं."

मी दोस्ताकडं गेलो. तो गव्हाणीत चारा टाकत होता. रामराम घातला. तो म्हणाला, "तू काय सांगितला ते ऐकलो मी."

मला वाटलं आभार मानतो आहे. मी म्हटलं, "सांगाचंच होतं. तेच खरं होतं."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मी अजून विसरलो नाही. मग आत गेला अन् फाटक लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे दुसऱ्या वाटेनं जाऊ लागला, नाल्याकडून. मला राग आला. मी त्याच्यासाठी भर पंचायतीत टमरेल कबूल केलं, अन् हा मलाच पाठ दाखवतो? तो बोलत नाही तर मी काऊन बोलू? तीन महिने मी पाळीवरून एकटा जात-येत राहिलो. पाळ फुटली होती तिथं दुरुस्ती करताना खेकड्यांची बिळं निघाली, कोपरापर्यंत हात आत जाईल एवढी. गावानं ती पाहिली, माती टाकली अन् विषय संपवला. माफी कोणी परत दिली नाही.

तर त्या जानेवारीतली सकाळ. सूनबाई म्हणाली, "मामाजी, आज लंबं वाक्य द्या. परीक्षेत लंबे येतात."

मला हुरूप आला. सरळ माणसाचं सरळ बोलणं कसं असते ते इंग्रजीलाही कळू दे, म्हणून मी माझा जबाबच दिला. पहाटे पाळीवर पाहिलो इथून सुरुवात केली. ती लिहीत होती. टमरेलावर आलो तशी ती हसली अन् विचारलं, टमरेलाला इंग्रजीत काय म्हणतात? मी म्हटलं, "टमरेलच म्हणत असतील." मग मी पुढचं सांगितलं, संगंच गेलो, संगंच आलो, पाळ धड होती, चहा पीत बसला होता.

तिचा पेन थांबला. भाजीची जुडी मांडीवर तशीच.

"हे कोणतं वाक्य हाय मामाजी?"

"माझा जबाब. पाळीच्या तंट्यातला."

"असा नव्हता तो."

"कसा नव्हता?"

"टमरेल नव्हतं तिथं."

ती बोलून गेली अन् तिचा चेहरा उतरला. मुलाचं अक्षर वाईट, म्हणून तालुक्याला पाठवायची वहीची दुसरी प्रत तो तिच्याकडून लिहून घ्यायचा. तिचं अक्षर मोत्यासारखं. माझा जबाब तिनं स्वतःच्या हातानं उतरवला होता. तिला वाटलं होतं, मामाजी एवढंच बोलले.

मी म्हटलं, "आण."

"मामाजी, ते आल्यावर त्यांनाच..."

"आण म्हटलं न."

तिनं आतून कागदांची फाइल आणली. मूळ वही पंचायतीत होती, ही प्रत तालुक्याला पाठवायची राहून घरीच पडली होती. ती वाचून दाखवते म्हणाली. मी नाही म्हटलं. तिच्यासमोर ओठ हलवत, बोट ठेवत, मी वाचलं. माझ्या नावापुढं लिहिलं होतं: समक्ष विचारले असता त्यांनी असे सांगितले की, त्यांनी सदर इसमास पहाटेच्या सुमारास बोडीच्या पाळीवर पाहिले.

पूर्णविराम. त्याच्याखाली, सही आहे.

मी परत वाचलं. मागच्या बाजूला पाहिलं, तिकडं काही असेल म्हणून. कोरं होतं.

तेव्हा मला दोस्ताची ती नजर कळली. त्याला सभेत हा कागद वाचून दाखवला असेल. तुझ्या दोस्तानंच सांगितलं. अन् त्याला काय ऐकू आलं? की जो माणूस त्याच्या बाजूला टमरेल घेऊन चालत होता, त्यानं स्वतःला त्या पाळीवरून पुसून टाकलं अन् त्याला एकट्याला तिथं उभं करून ठेवलं. अन् वरून त्याच्या आंगणात जाऊन सांगितलं, तेच खरं होतं.

माझ्या हातातला दोर उलगडला तो मी परत वळला नाही. सूनबाई रडत होती. मी तिला म्हटलं, "तू कायले रडतेस बाई? तू आहे तसं उतरवलंस. तुझे मार्क नाही कटत."

मुलगा दिवेलागणीला आला. मी ओसरीवर कागद पुढं ठेवून बसलो होतो. त्यानं कागद पाहिला, चप्पल न काढताच उभा राहिला.

"माझं टमरेल कुठं हाय?" मी विचारलं.

त्याला लगेच समजलं. म्हणजे ते त्याच्या मनात तीन महिने होतंच.

"बाबा, कसं लिहू मी? गाव हागणदारीमुक्त झालं. पंचायतीच्याच वहीत टमरेल लिहू? तपासणीवाले येऊन राहिले, साऱ्या वह्या पाहतात ते. गावाचं बक्षीस गेलं असतं. समितीतल्यांनीबी तुमचं ऐकलं होतं, पण म्हणूनच कोणी बोललं नाही."

"अन् संगंच गेलो, ते?"

"संगं गेले म्हटलं तं कायले गेले ते आलंच न. तुमचंबी नाव आलं असतं. पंचायतीतल्या माणसाचा बाप बाहेर जाते म्हणून माझंच काम गेलं असतं."

"चहा पीत बसला होता. चहातबी हागणदारी होती का?"

तो हळूच म्हणाला, "ते सारं जोडूनच होतं बाबा. एक काढलं की बाकीचं उभं राहत नव्हतं. मी खोटं काहीच नाही लिहिलो. तुम्ही त्याले पाहिले, हे तं खरंच हाय न?"

खोटं लिहिलं असतं तर मी दोन तडाखे दिले असते. पण त्यानं माझंच बोलणं घेतलं होतं, माझाच एक शब्द, खरा, अन् त्या शब्दानं माझ्या दोस्ताला मारलं होतं. अन् खाली माझी सही, पार काठापर्यंत.

"मी वाचत नाही हे तुले माहीत होतं," मी म्हटलं.

घरात हे त्याच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. लहानपणी त्याचं पुस्तक न वाचता नुसतं समोर धरून मी त्याचा अभ्यास घ्यायचो, तेव्हा त्यानं ते ओळखलं होतं अन् कधी बोलला नव्हता. मला ते त्याचं प्रेम वाटायचं. एवढी वर्षं.

"सांगाचं होतं न मले. भैताडा, मी स्वतः नाही म्हटलो असतो तुझ्या समितीत. जबाबच नसता दिला. पण हे नसतं केलं मी."

तो म्हणाला, "आता झालं ते झालं बाबा. तपासणी होऊन जाऊ द्या. मंग पाहू."

मी त्या दिवशी त्याच्या ताटाशेजारी ताट घेतलं नाही. सूनबाईनं वेगळं वाढलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी टमरेल भरलं अन् दोस्ताच्या फाटकापुढं जाऊन उभा राहिलो. तो बाहेर आला, मला पाहून थबकला. मी म्हटलं, "रामराम. दहा वाजता पंचायतीत ये. नाही आला तरी मी जातोच." तो नाल्याकडं निघून गेला. मी माझ्या वाटेनं पाळीवरून जाऊन आलो. आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो अन् टमरेल घेऊनच पंचायतीत गेलो.

समितीचे अध्यक्ष पेपर वाचत होते. मुलगा टेबलाशी. मी टमरेल टेबलावर ठेवलं, त्याच्या वह्यांच्या मधोमध.

"पाळीच्या तंट्यातला माझा जबाब अर्धा आहे. पुरा लिहून घ्या."

अध्यक्ष म्हणाले, "काका, ते प्रकरण केव्हाच मिटलं. अन् हे उचला आधी, तपासणीचे लोक येतील."

"लिहून घ्या. नाही तं मी हे घेऊन इथंच बसतो, ते येईपर्यंत."

अध्यक्षांनी मुलाकडं पाहिलं. मुलानं वही उघडली. मी बोललो, तेच शब्द, तसेच, मोठ्यानं. तो लिहीत गेला. मधे एकदा त्याचा पेन थांबला तेव्हा मी म्हटलं, "टमरेल. दोन टमरेलं." दारात लोक जमायला लागले होते. मी मागं वळून पाहिलं नाही.

लिहून झालं. त्यानं वही फिरवली अन् सवयीनं पेन पुढं केला.

मी पेन परत सरकवला.

"शाई आण."

"बाबा, तुम्हाले सही येते."

"शाई आण म्हटलं."

शिपायानं डबा आणला. मी डाव्या हाताचा अंगठा शाईत दाबला अन् वहीवर न लावता तसाच वर धरून ठेवला. रीत साऱ्यांना माहीत होती. अध्यक्षांनाही होती. ते पेपरात पाहत म्हणाले, "वाच रे."

माझा मुलगा उभा राहिला. आधी हळू वाचत होता. दारातून कोणीतरी म्हणालं, "मोठ्यानं वाच, ऐकू नाही येऊन राहिलं." तो आवाज मी ओळखला. तीन महिन्यांत ऐकला नव्हता.

मुलानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, मोठ्यानं. टमरेलापर्यंत आला तसे लोक हसले. संगंच गेलो, संगंच आलो, इथं कोणी हसलं नाही. पाळ धड होती. चहा पीत बसला होता. सारं आलं.

मग मी अंगठा लावला.